डावी खाच

टॅक्सीचं दार बंद झालं तेव्हा मिसाओचा डावा अंगठा अजून आतच होता. चूक कुणाची म्हणाल तर कुणाचीच नाही. टॅक्सीचं दार उतारूनं लावायचं नसतं, चालक आपल्या जागेवरून कळ ओढतो आणि ते आपसूक मिटतं, हे टोकियोत जन्म काढलेल्या बाईला कुणी सांगायला नको. पण मिसाओनं उतरताना कापडात बांधलेला छपाईचा लाकडी ठोकळा आधी बाहेर घेतला, उजव्या हातानं तान्ह्या पोरासारखा छातीशी धरला, आणि मग सीटवर राहिलेल्या छत्रीसाठी डावा हात पुन्हा आत घातला. चालकाला आरशात दिसली ती उतरलेली बाई. त्यानं कळ ओढली. आवाज झाला तो दाराचा, बाईचा नाही. चालकच आधी ओरडला. तो टोपी काढून रस्त्यात उभा राहिला आणि कमरेत इतका वाकला की त्याच्या टकलावर चेरीच्या झाडाची सावली पडली. दवाखान्यात नेतो म्हणाला, घरी येऊन माफी मागतो म्हणाला, आपल्या बायकोचं नावही त्यानं घेतलं, का ते त्यालाच ठाऊक. मिसाओनं अंगठा त्याच्या डोळ्यांसमोर धरून वाकवून दाखवला. हलतो आहे, रक्त नाही, मग झालं तर. चालकाच्या बाजूला एक मोठी भीती आणि तिच्या बाजूला एक लहानसा ठणका, असा हिशेब तिनं उभ्या उभ्या मांडला आणि त्याला मोकळं केलं. दवाखाना म्हणजे अर्धा दिवस बाकावर. इकडे घरात कागद ओला करून ठेवलेला. ओला कागद आणि लग्नाला आलेली मुलगी, दोन्ही फार दिवस ठेवून चालत नाही, असं तिचा बाप म्हणायचा. त्यातलं मुलीचं त्यानं स्वतः कधी मनावर घेतलं नाही, कागदाचं मात्र कायम घेतलं.

ठोकळा शाबूत होता. गल्लीतून चालताना तिनं कापडावरूनच त्याचे कोपरे चाचपले. चेरीचं लाकूड, सकाळीच तोकुजीच्या हातून सुटलेलं, अजून ताज्या ढलप्यांचा वास असलेलं. निळ्याचा ठोकळा. बाकी सगळे तिच्याकडे आधीच येऊन पडले होते. रेषांचा काळा, विटांचा तांबडा, दोन करडे. चित्र साधंच दिसणारं: उजवीकडे सार्वजनिक न्हाणीघराचं उंच धुराडं, डावीकडे नदीवर एक लांब नाव, आणि या दोहोंमध्ये निळं. पण छापणारीला विचारा, साध्या चित्रासारखं लबाड काही नसतं. गर्दीच्या चित्रात चूक कुठेही लपते. इथे नावेचा काठ ही एक बारीक काळी रेघ, आणि तिला खालून टेकून निळं पाणी. निळं केसभर हललं की रेघेखाली पांढरी फट पडणार आणि नाव पाण्यातून उचलल्यासारखी दिसणार. चित्रकाराला त्याची फिकीर नसावी. चित्रकार रंग लावून गाडीत बसून जातात, मागे कोरणारा आणि छापणारी एकमेकांच्या उरावर बसतात.

कोरणारा म्हणजे तोकुजी. मिसाओपेक्षा दहाबारा वर्षांनी मोठा, हाडं मोजून घ्यावीत असा, आणि जीभ मात्र रोज धार लावलेली. या धंद्यात कोरणारा आणि छापणारी यांचं नातं सासूसुनेचं. रंग रेघेबाहेर गेला की कोरणारा म्हणतो छापणारीचा हात, छापणारी म्हणते कोरणाऱ्याची खाच. प्रत्येक ठोकळ्याच्या खालच्या कडेला दोन खाचा असतात: उजव्या कोपऱ्यात काटकोनी, डावीकडे सरळ. कागदाचा कोपरा उजवीकडे बसवायचा, मग कड डावीकडे टेकवायची, आणि कागद सोडायचा. सगळे ठोकळे असेच, म्हणून सगळे रंग एकमेकांवर बसतात. खाचा कोरणाऱ्यानं कोरायच्या, कागद छापणारीनं ठेवायचा. मधे केसाएवढी जागा, आणि त्या जागेत दोन घराण्यांचं भांडण सुखानं नांदतं. मिसाओचा बाप आणि तोकुजीचा गुरू यांनी ते चालवलं, मग या दोघांनी वारसाहक्कानं घेतलं. नववर्षाच्या मेजवानीत तोकुजी मुद्दाम तिच्या शेजारी बसायचा आणि विचारायचा, काय मिसाओ, यंदा माझ्या नावावर काय काय खपवलंस. ती म्हणायची, तुमचं तुमच्याच नावावर पुष्कळ आहे तोकुजीसान, वर आणखी टाकायला जागा कुठे. सगळे हसायचे. पण त्या हसण्याखाली एक गोष्ट दोघांना पक्की माहीत होती. तिनं त्याच्या खाचेला कधी नाव ठेवलं नव्हतं, आणि ठेवायची पाळी त्यानं आणली नव्हती.

या नववर्षाला तोकुजीनं चहा ओतला तो कपाच्या बाहेर. थोडासाच. लगेच किटलीची नळी कपाशी टेकवून त्यानं धार सावरून घेतली आणि बोलणं चालू ठेवलं. पंगतीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं आणि सगळ्यांनी माशाचं कौतुक सुरू केलं. मिसाओनंही केलं. पण पाहिलेलं कुणी फेकून देत नाही. प्रकाशकाच्या पेढीचा धाकटा मालक हानाबुसा, बाप गेल्यावर गादीवर आलेला, तोही पाहत होता. त्याचा चेहरा नम्र आणि कोरा, नव्या वहीसारखा, पण त्यावर काय काय उमटतं ते मिसाओ वाचू शकत होती. पेढीकडे आता मोठं काम येणार होतं, नदीकाठच्या देखाव्यांचा मोठा संच, आणि तो तोकुजीला द्यायचा की पलीकडच्या वॉर्डातल्या एका तरण्या कोरणाऱ्याला, हे हानाबुसा या निळ्या ठोकळ्यावरून ठरवणार होता. हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. काही गोष्टी न सांगता सांगायची या लोकांत जुनी तालीम आहे.

घरात शिरल्यावर तिनं हात धुतले, अंगठा थंड पाण्याखाली धरला. ठणका विझत गेला आणि त्याच्या जागी एक गुळगुळीतपणा आला, अंगठ्यावर कुणी पातळ मेण ओतल्यासारखा. बरं झालं, असं तिला वाटलं. दुखत नाही म्हणजे बरं झालं, हा हिशेब सगळेच करतात. ओल्या फडक्याखालचा कागदाचा गठ्ठा तिनं उघडला. तुतीच्या सालीचा कागद, काल ओलवून फळीखाली दाबलेला, आता नेमका हवा तसा: ओला म्हणावा तर हाताला पाणी लागत नाही, कोरडा म्हणावा तर गालासारखा गार. तिनं निळं कालवलं, त्यात तांदळाची खळ घातली, ठोकळ्यावर कुंचल्यानं रंग फिरवला, वरच्या बाजूला पाणी मारून आभाळ फिकं करत नेलं. बारेन, म्हणजे बांबूच्या सालीत गुंडाळलेली घोटायची चकती, तेलाच्या फडक्यावर एकदा पुसली. आणि बाकीचे रंग आधीच झालेला नमुन्याचा एक कागद दोन हातांत घेऊन तिनं खाचांत बसवला. उजवा कोपरा. डावी कड. सोडला.

कागद बसवायला बापानं तिला डोळे बांधून शिकवलं होतं. गमछा घट्ट बांधायचा आणि म्हणायचा, आता सांग कुठे आहेस. ती म्हणायची, घरात. तो म्हणायचा, अंगठा कुठे आहे. तिला आठवतं ते अंधारातलं लाकूड. बोटांना खाच सापडायची आणि कागदाची कड त्या खाचेच्या भिंतीला जाऊन थांबायची. तो थांबा इतका बारीक की ऐकू आल्यासारखा वाटायचा. भाऊ आधी शिकत होता, पण डोळे बांधले की त्याला झोप यायची. तो पुढे मोटारींच्या कारखान्यात लागला आणि सुखी झाला. मिसाओ उरली. बापानं मुलीला शिकवलं ते काही पुढारलेल्या विचारानं नव्हे. गिऱ्हाईक थांबलं होतं आणि घरात दुसरे अंगठे नव्हते. पण एकदा शिकवल्यावर त्यानं हात राखून शिकवलं नाही. डोळा हा लाचखाऊ कारकून आहे, म्हणायचा, त्याला जे दिसावंसं वाटतं तेच तो वर कळवतो. अंगठ्याला विचार. मग ती आयुष्यभर अंगठ्याला विचारत आली. भाजीवाल्याच्या मुळ्याला, दुकानातल्या रेशमी किमोनोला, शेजारणीच्या सांत्वनाला, सगळ्याला तिनं मनातल्या मनात डावा अंगठा लावून पाहिला, आणि एकदाही फसली नाही असं ती मानत होती. माणूस असं मानू लागला की त्याच्याशी फार बोलण्यात अर्थ नसतो.

कागद उचलला. धुराडं चोख. आभाळ उतरत उतरत त्याच्या विटांशी येऊन थांबलेलं, एखाद्या शहाण्या पाहुण्यासारखं. आणि डावीकडे, नावेच्या काठाखाली, पांढरी फट.

ती बघत राहिली. मनात पहिल्यांदा आलं ते आश्चर्य नव्हतं. एक थंडसं, जवळजवळ गोड काहीतरी होतं: आलं शेवटी. कपाबाहेरचा चहा. आज सकाळीच ठोकळा देताना तोकुजीनं तो नाकाशी नेऊन शेवटचं पाहिलं होतं, पाहिलं की हुंगलं कोण जाणे, आणि म्हणाला होता, घे, म्हातारीचं लग्न लागलं एकदाचं. उजवी खाच बरोबर आणि डावी तिरपी. नजर गेली की डावीउजवीचा मेळ आधी जातो, असं तिनं कुठेतरी ऐकलं होतं. ऐकलं नसेल तर आत्ता तयार केलं. तिला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण वाईट वाटणं आणि बरोबर ठरणं हे एकाच ताटात वाढलेलं असलं की माणूस आधी कुठे हात घालतो ते सगळ्यांना माहीत आहे.

तेवढ्यात फोन वाजला. हानाबुसा. नमुना पाहायला दुपारी आलो तर चालेल का, अशी त्याची विचारणा. मिसाओ हातावरचं निळं पुसत, खांद्यात फोन धरून, नेहमीच्या झोकात म्हणाली की या, चहा तयार ठेवते, सगळं उत्तम आहे, फक्त तोकुजीसानांची डावी खाच केसभर तिरकी झालीय, मी पटाशी लावून घेते, दोन मिनिटांचं काम. असं छापणारे नेहमी बोलतात. लाकूड फुगतं, आकसतं, खाच सुधारायची पटाशी छापणाऱ्याच्या पेटीतच असते, त्यात कुणाची अब्रू जात नाही.  पण तारेच्या पलीकडून हानाबुसा म्हणाला, असं का. आणि परत, असं का. मग म्हणाला की येताना तोकुजीसानांनाही गाडीत घेऊन येतो, त्यांच्यासमोरच बोललेलं बरं. फार हळू आवाजात म्हणाला. या माणसाचा आवाज जितका खाली जाई तितका निर्णय वर गेलेला असे.

फोन ठेवून तिनं पटाशी घेतली. डाव्या खाचेची भिंत तिनं नखाएवढीही नव्हे, नुसती छटा छिलली. ढलपी पटाशीवर गोल वळली आणि फुंकरीनं गेली. पुन्हा रंग, पुन्हा खळ, पुन्हा नमुन्याचा कागद. उचलला. आता फट नव्हती. आता निळं रेघेवर चढून नावेत शिरलं होतं, नावेत पाणी भरावं तसं. जास्त छिललं म्हणावं, तर इतकं छिललंच नव्हतं. तिनं आणखी एक कागद घेतला. तो दोहोंच्या मधे कुठेतरी पडला. मिसाओनं तिन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीकडे धरले. पहिल्यात नाव वर, दुसऱ्यात नाव बुडालेली, तिसऱ्यात धड इकडे नाही की तिकडे नाही. दुसरा आणि तिसरा तर एकाच खाचेतून निघालेले, पटाशी मधे लागलेली नव्हती. लाकूड चुकलं तर प्रत्येक कागदावर तेच चुकतं. लाकूड कागदागणिक मत बदलत नाही. माणूस बदलतो.

तिनं खाली पाहिलं. डावा अंगठा ठोकळ्याच्या कडेवर ठेवलेला होता. ठेवलेला होता हे तिला दिसत होतं. कळत नव्हतं. तिनं तो खाचेवरून फिरवला आणि खाच लागलीच नाही; काचेवरून बोट फिरावं तसं फिरलं. नखाच्या मुळाशी जांभळी पट्टी चढत होती, आणि हा आपला अंगठा कागद कुठे थांबला ते तिला मोठ्या आत्मविश्वासानं कळवत होता, कुठेही न थांबलेल्या कागदाबद्दल. लाचखाऊ कारकून.

ती भिंतीला टेकून बसली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिला पहिल्यांदा भीती वाटली ती अंगठ्याची नव्हे, तर किती सोपं आहे याची. आता काहीच करायचं नव्हतं. पटाशी लागलेली आहे, खाच मुळात कशी होती ते आता लाकूडही सांगू शकणार नाही. तोकुजी सांगेल, पण त्याचं कोण ऐकणार. कपाबाहेर चहा ओतणाऱ्याच्या साक्षीला किंमत ती काय. हानाबुसा मनात ठरवूनच येतो आहे, त्याला फक्त मान हलवणारं कुणी हवंय. तोकुजीचे हे शेवटचे ठोकळे ठरतील, तो एखादं वर्ष दुकानाबाहेर स्टूल टाकून बसेल आणि येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारेल, आणि तिला हे काम मिळालेलंच राहील. कागद एखाद दिवस तग धरेल, अंगठ्याची सूज उतरेल, कुणाला काही कळणार नाही. दुसऱ्या पारड्यात काय? आपला अंगठा मेला आहे असं ओल्या कागदाच्या दिवशी तोंडानं सांगणं. मग हानाबुसा तितक्याच हळू आवाजात म्हणेल, असं का, आणि ठोकळे, कागद, निळं, सगळं गाडीत घालून दुसऱ्या छापखान्यात नेईल. तिनं त्याला दोष दिला नसता. तिनं स्वतः त्याच्या जागी तेच केलं असतं.

आणि तरी तिला झोपाळू भाऊ का आठवावा कळेना. डोळे बांधलेले, मान लटकलेली, आणि बाप त्याच्यावर न रागावता म्हणतोय, हा लबाड नाही बरं, झोपला की सरळ घोरतो. त्यात शहाणपण काही नव्हतं. पण ते ऐकताना आपल्याला भावाचा हेवा वाटला होता, हे तिला इतक्या वर्षांनी आठवलं, आणि त्या आठवणीनं तिला उगाच तहान लागली. तिनं चहा केला. एका हातानं केला. मग मनाशी ठरवलं की तोकुजी येईल तो तणतणत येईल, गाडीतच हानाबुसानं त्याला सांगितलं असेल, आणि दारातूनच तो तिच्या बापाचा उद्धार करील. करू दे. तो भांडला की बघू. भांडणात खरंखोटं दोन्ही सोईनं पांघरता येतं, आणि या दोघांना भांडणाचा सराव होता. तिनं त्याची उत्तरंही मनात जुळवली. काही चांगली जुळली.

गाडी थांबल्याचा आवाज आला तेव्हा ती अजून जुळवतच होती. हानाबुसा आधी आत आला, बूट काढून नीट दाराकडे तोंड करून ठेवले, तोकुजीचेही ठेवले. तोकुजी त्याच्या मागून आला. तो तणतणत नव्हता. त्यानं उंबऱ्याशी थांबून डोळ्यांना आतला उजेड ओळखू दिला, मग सरळ ठोकळ्याकडे गेला, गुडघे टेकून बसला आणि डाव्या खाचेवर अंगठा फिरवला. एकदा, आणि पुन्हा. ताजी पटाशी त्याला लागली असणार; लाकडाची जखम त्याच्याइतकी कुणाला कळते. मिसाओ वाट पाहत राहिली. हानाबुसानं घसा साफ केला आणि म्हणाला की मिसाओसानांनी सुधारून घेतलंच आहे, तेव्हा वाद घालायचं कारण नाही, फक्त पुढच्या कामाचा विचार करताना आपण सगळ्यांनीच वयाचा, म्हणजे कष्टाचा... इथे त्याचं वाक्य दम लागल्यासारखं थांबलं.

"माझंच असेल," तोकुजी म्हणाला.

मिसाओला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"मी सकाळी तीनदा पाहिली होती," तो ठोकळ्याशीच बोलल्यासारखा म्हणाला. "मला सरळ दिसली. पण मला हल्ली बऱ्याच गोष्टी सरळ दिसतात. आणि हिचा अंगठा कधी खोटं बोललेला नाही. चाळीसेक वर्षं बघतोय मी. बाई बोलते खोटं, हवं तेवढं. अंगठा नाही."

मग तो हसला, नेहमीसारखं, दात नसलेल्या बाजूनं. "चला. तेवढं तरी बरं की खोट काढली ती हिनं काढली. त्या कुठल्या पोरासोरानं काढली असती तर मी नदीत उडी मारली असती, आणि गारठ्यानं आजारी पडलो असतो."

इतक्या वर्षांत त्यानं तिला दिलेली ही पहिली दाद होती, आणि ती नेमकी कशावर खर्च होते आहे हे त्याला माहीत नव्हतं. जुळवलेली सगळी उत्तरं मिसाओच्या तोंडात पडून राहिली. त्यांना गिऱ्हाईकच उरलं नाही. तिनं उठून तिन्ही कागद आणले आणि दोघांच्या मधे जमिनीवर मांडले, एकाशेजारी एक, नावा ओळीत.

"धाकटे मालक, इकडे पाहा," ती म्हणाली. तिचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, आणि तो मोठा निघाला हे तिला आवडलं. "पहिला पटाशीच्या आधीचा. हे दोन नंतरचे, एकाच खाचेतून, एकामागून एक. तीन कागद, तीन जागा. असं लाकूड करत नाही. खाच सरळ होती. सकाळी टॅक्सीच्या दारात माझा अंगठा सापडला, त्याला काही कळत नाहीये, आणि मला ते कळलं नाही. मी चांगल्या खाचेला पटाशी लावली. आणि तुम्हाला फोनवर सांगितलं ते चूक सांगितलं."

हानाबुसानं नावांकडे पाहिलं, मग अंगठ्याकडे. तो आता बऱ्यापैकी निळा झाला होता, कालवलेल्या रंगाशी जवळजवळ जुळणारा. "असं का," तो म्हणाला.

 तोकुजीनं कागद एकेक करून नाकाशी नेले आणि खाली ठेवले. मिसाओला वाटलं आता फुटेल, आता बापाचा उद्धार. तो म्हणाला, "चेरीच्या लाकडाला पटाशी लावलीस."

"लावली."

"न विचारता."

"मी कधी विचारलंय?"

"खरं आहे," तोकुजी म्हणाला. "तुझ्या बापानंही कधी विचारलं नाही. निर्लज्ज घराणं." आणि बाहीत हात घालून त्यानं आपली सुरी काढली, जणू ती तिथे याच कामासाठी सकाळपासून बसली होती. "एखादी ढलपी असेल ना? चेरीचीच दे. दुसरं लाकूड घातलंस तर ते उद्या शेजाऱ्यासारखं वागायला लागेल."

मग जे झालं ते बघताना हानाबुसाला चहा प्यायची आठवण राहिली नाही. म्हाताऱ्यानं ठोकळा खिडकीशी ओढला, चेहरा त्याच्यावर इतका खाली नेला की पापण्या लाकडाला लागाव्यात, आणि छिललेल्या भिंतीत नव्या लाकडाची पाचर बसवली. ठोकून, भिजवून, पुसून, त्यानं खाच नव्यानं काढली. डोळे तो मधूनमधून मिटतच होता. मिटले की हात थांबत नव्हता, उलट जास्त सरळ जात होता. मिसाओ शेजारी उकिडवी बसून पाहत होती आणि तिला कळत होतं की हा बघून कोरत नाही, किती काळ बघून कोरत नसेल कोण जाणे. नजर हे त्यानं जगाला दाखवायला ठेवलेलं निमित्त होतं. सगळे चहाच्या कपाकडे बघत बसले. तीही. कपात ओतणं हा काही त्याचा धंदा नव्हता.

"खाच झाली," हानाबुसा शेवटी म्हणाला, आणि त्याचा आवाज पुन्हा खाली जाऊ लागला. "पण मिसाओसान, कागद ओला आहे, आणि तुमचा हात. मला वाटतं, छपाई तेवढी आपण दुसरीकडे..."

"कागद इथेच ओला झालाय, इथेच छापला जाईल," मिसाओ म्हणाली. असं ती नेहमीच बोलायची. फरक इतकाच की या खेपेला कसं ते तिला माहीत नव्हतं. तिनं अंगठ्याऐवजी तर्जनी लावून पाहिली. ती परकी पडली. उजव्या हातानं दोन्ही बाजू धरून पाहिल्या, कागदानं पोट सोडलं. दोन पुरुष तिची धडपड पाहत होते आणि त्यातल्या एकाला ती सहन होईना.

"सरक," तोकुजी म्हणाला.

"कुठे?"

"उजवीकडे. बाई असून किती जागा लागते तुला."

छापणाऱ्याच्या फळीसमोर कोरणारा बसत नाही. असा नियम कुठे लिहिलेला नाही, तसाच कोरणाऱ्याच्या घरी छापणारीनं जेवायचं नाही हाही लिहिलेला नाही, लोक पाळतात. तोकुजी मिसाओच्या डाव्या हाताला मांडी घालून बसला, गुडघा तिच्या गुडघ्याला लागला तो त्यानं काढून घेतला नाही, जागाच नव्हती. तिनं रंग फिरवला, खळ मिसळली, आभाळ उतरवलं. ओल्या गठ्ठ्यातला पहिला कागद, बाकीचे रंग यावरही आधीच झालेले, आता नमुन्याचा नव्हे, खरा, तिनं उजव्या हातानं धरला आणि डावं टोक त्याच्या हातात दिलं. कागद दोघांच्या मधे ओला, जड, जरासा श्वास घेत लटकला.

"आधी माझा कोपरा," ती म्हणाली. "मग तुमची कड. घाई केलीत तर बघा."

"मला शिकवतेस होय. खाच कुणी कोरली?"

"तीनदा पाहून कोरलीत म्हणे."

"बोलू नकोस. कागद हलतो."

तिनं उजवा कोपरा बसवला. तो थांबला ते तिला कळलं. मग ती थांबली, आणि तिच्या डाव्या बाजूला, जिथे आजवर तिचा स्वतःचा अंगठा असायचा, तिथे दुसऱ्या कुणाचातरी अंगठा कागद हळूहळू खाली आणत होता, आणि तो भिंतीला टेकला तेव्हा तोकुजीच्या नाकातून एक लहानसा हुंकार निघाला, बरोब्बर त्या क्षणी जेव्हा बापाच्या गमछ्याखाली तिला तो थांबा ऐकू आल्यासारखा वाटायचा. दोघांनी एकदमच कागद सोडला. तिनं बारेन घेतली आणि घोटायला लागली, नागमोडी, जोरात, खांद्यापासून. कागद उचलला. नाव पाण्यावर टेकलेली होती. फट नाही, चढ नाही. काठाच्या रेघेखाली निळं येऊन थांबलेलं.

हानाबुसा पुढे वाकला. त्यानं कागदाला हात लावला नाही, एवढी समज बापानं त्याला देऊन ठेवली होती. तो बराच वेळ नावेकडे बघत राहिला. मिसाओनं तोवर दुसरा कागद घेतला होता, डावं टोक पुढे केलं होतं, आणि तोकुजीनं ते न बघता धरलं होतं.

"तोकुजीसान," हानाबुसा म्हणाला, "पुढच्या संचाचं लाकूड उद्या तुमच्याकडे पाठवून देतो."

दोघांपैकी कुणी वर पाहिलं नाही. कागद अर्ध्यावर उतरला होता, आणि अशा वेळी मालकालाही थांबावं लागतं. उजवा कोपरा बसला. डावी कड टेकली.

"परवा पाठवा," तोकुजी म्हणाला. "उद्या मी घरी नाही. उद्या मी इथे आहे."